राखाडी की सुरमई?

घराला रंग काढायचे ठरले की पूर्वी प्रश्न सोपा असे: पिस्ता, गुलाबी की आकाशी? आता मुलांना ‘ग्रे’ हवा असतो. दुकानात जावे तर शेड कार्डाची पानेच्या पाने ग्रेची, आणि त्यातले निम्मे आपल्याला सारखेच दिसतात. निवडत निवडत शेवटी दोन उरतात. एक जरा राखेकडे झुकणारा, दुसरा जरा निळ्याकडे. दोघांत नेमका फरक काय, हे दुकानात उभे राहून कोणाला सांगता येत नाही. भिंतीवर चढल्यावर मात्र तो घरातल्या प्रत्येकाला दिसतो. गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या तीन घरांतून हाच प्रश्न आमच्याकडे आला. एका घरात तर त्यावरून नवरा-बायकोचे बोलणे चार दिवस बंद होते. म्हणून हा महिना त्यालाच देत आहोत.

आमचा पेशा भाषा शिकवण्याचा, त्यामुळे रंगाच्या भांडणातही आम्ही आधी शब्दांकडे वळतो. इंग्रजीतला ‘ग्रे’ हा एक शब्द. आपल्याकडे मराठी आणि उर्दू मिळून निदान पाच तरी सापडतात. राखाडी म्हणजे चुलीतल्या राखेचा. पारवा म्हणजे पारव्याच्या पिसांचा. स्लेटी म्हणजे शाळेतल्या पाटीचा. करडा आहेच. आणि सुरमई म्हणजे सुरम्याचा, निळसर झाक असलेला. कोकणात सुरमई म्हटले की आधी तवा आठवतो, ही गोष्ट वेगळी. पण बाजारात ती मासळी मांडलेली असते तेव्हा तिच्या पाठीकडे एकदा नीट बघा, म्हणजे हा शब्द कोणत्या रंगाला शोभतो ते लगेच कळेल.

हा शब्दांचा खेळ कामाचाही आहे. दोन शेडमध्ये अडकलात तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दोन्ही तुकडे दाखवा आणि फक्त नाव विचारा. ‘आवडला का’ असे विचारू नका. कार्डावरची इंग्रजी नावे वाचून दाखवू नका. ती नावे धुके, समुद्र, पहाट अशी काहीही असतात आणि मनाला भलतीकडे नेतात. एकाला त्यांनी राखाडी म्हटले आणि दुसऱ्याला सुरमई किंवा नुसते ‘निळा’ म्हटले, तर समजा की भिंतीवरही हा फरक दिसणारच.

फरक येतो कुठून? दुकानात रंगाच्या मशीनखाली पांढऱ्या बेसचा डबा ठेवतात आणि वरून मोजून रंगद्रव्ये सोडतात. ग्रे म्हणजे पांढऱ्यात काळे, असे आपल्याला वाटते. पण काजळीसारखे काळे पांढऱ्यात थोडे मिसळले तर जो रंग होतो तो बहुधा जरासा निळसरच दिसतो. त्याला राखेकडे आणायचे तर त्यात पिवळे किंवा तांबडे ऑक्साइड थोडेसे घालावे लागते. उघड सुरमई करायचा तर निळे द्रव्य वाढवावे लागते. म्हणजे बाजारात ‘निव्वळ ग्रे’ असा क्वचितच मिळतो. प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दडलेले असते: कोणाच्या निळे, कोणाच्या हिरवे, कोणाच्या जांभळे, कोणाच्या मातकट. ते ओळखायची एक सोपी रीत आहे. कार्डावर एकाच कुळातल्या शेड फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने छापलेल्या असतात. तुमची शेड फिकी असेल तर त्याच ओळीतली सर्वांत गडद शेड बघा. फिक्यात जे लपते ते गडदात उघडे पडते. दुसरी रीत म्हणजे तुकड्याखाली कोरा पांढरा कागद धरणे. नुसता तुकडा बघताना डोळा त्याला ‘ग्रे’ म्हणून मोकळा होतो, कागदाशेजारी त्याची झाक दिसते.

आमच्या दादीच्या पिढीला हे कार्डाशिवाय ठाऊक होते. चुना भिजवायचा, त्यात डिंक घालायचा आणि शेवटी नीळ. चुन्याचा पांढरा जरा पिवळट दिसतो, नीळ तो पिवळटपणा मारते आणि भिंत अधिक पांढरी वाटते. सफेद कपड्यांना नीळ देतात तेही त्याचसाठी. प्रमाण मात्र हाताला माहीत असावे लागे. चिमूटभर जास्त पडली की भिंत पांढरी न दिसता निळीच दिसायची, आणि मग वर्षभर येणारा-जाणारा ‘नीळ जास्त झाली वाटतं’ असे म्हणून जाई. आज आपण दोन ग्रेमध्ये जे तोलतो ते त्याच चिमटीचे काम आहे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. कार्डावरचा तुकडा इंच-दीड इंचाचा. खोली १२ बाय १० ची आणि उंची १० फूट धरली, तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. खिडक्या-दारे सोडून द्या, नुसता हिशेब बघा: ४४० चौरस फूट म्हणजे ६३,३६० चौरस इंच. एका चौरस इंचावरून आपण साठ हजार इंचांचा निर्णय घेत असतो. आणि मोठ्या पृष्ठावर तोच रंग डोळ्याला अधिक उजळ आणि अधिक रंगीत भासतो. कार्डावर ज्यात निळ्याची नुसती शंका होती, तो भिंतीवर चढला की चक्क निळा दिसू लागतो. ‘आम्ही ग्रे सांगितला होता, पेंटरने आकाशी मारला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. पेंटर बिचारा निर्दोष असतो.

त्यात आपल्या घरांतल्या वस्तूंची भर पडते. फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. पॅरिसच्या गोब्लँ गालिचा-कारखान्यात रंगाईचा विभाग त्याच्याकडे होता. काळ्या धाग्यात दम नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तर काळा धागा ठीक होता. तो निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला होता, म्हणून फिका दिसत होता. शेजारचा रंग आपल्या रंगाला आपल्या उलट दिशेला ढकलतो, हे त्याने १८३९ साली ग्रंथ लिहून सविस्तर मांडले. ग्रे तर या बाबतीत सर्वांत दुबळा. त्याला स्वतःचा ठाम रंग नसतो, त्यामुळे शेजारी ढकलेल तिकडे तो जातो.

आपल्या घरात शेजारी कोण असतात ते बघा. सागवानी दारे, तांबूस-पिवळी. क्रीम रंगाच्या टाइल्स. पितळेची भांडी, शिसवी कपाट, शेंदरी नाहीतर मरून सोफा. हे सगळे पिवळ्या-नारिंगी कुळातले. पिवळ्या-नारिंगीच्या उलट दिशेला काय? निळा. म्हणून बहुतेक मराठी घरांत साधा ग्रेसुद्धा आपोआप निळसर दिसतो. यातून आमचे मत असे झाले आहे, आणि अजून तरी ते बदलायची वेळ आलेली नाही: सागवानी दारे आणि क्रीम फरशी असलेल्या घरात ज्याला साधा ग्रे हवा, त्याने कार्डावर किंचित मातकट वाटणारा निवडावा. ज्याला निळसर हवा, त्याने कार्डावर साधा ग्रे वाटणारा निवडावा. निळे घर देईल. शहाबादी फरशी असेल तर गणित थोडे वेगळे होते, कारण ती स्वतःच निळसर-करडी. तिच्यावर सुरमई भिंत चढवली तर जमीन आणि भिंत कुठे भेटतात हेच कळत नाही.

आता त्या घराची गोष्ट, जिथे चार दिवस अबोला होता. रत्नागिरी जिल्ह्यातले खाडीकाठचे घर. जांभ्याच्या भिंती, आतून गिलावा, वर जुना पिस्ता डिस्टेंपर. मुलगा कुवेतला, दोन वर्षांतून एकदा दीड महिन्याच्या रजेवर येतो. रंगाचे पैसे त्याचे. घर चालवते सून. आणि बैठकीच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी खाट टाकून दिवसभर बसतात त्या अम्मी, पंचाहत्तरीच्या आसपासच्या. खिडकीबाहेर पोफळी आणि एक जुना फणस.

पेंटरने नेहमीच्या पद्धतीने जुन्या भिंतीवर दोन्ही शेडचे हातभर पट्टे ओढले. दोन्ही गुलाबीसर दिसू लागले. सून घाबरली, ग्रे मागितला होता, हे गुलाबी कुठून आले? ते पिस्त्याने आणले होते. हिरव्याने वेढलेला ग्रे गुलाबीकडे झुकलेला दिसतो. जुन्या भिंतीवर नवा पट्टा ओढून रंग ठरवू नये, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला मिळणार नाही.

तिने रात्री दिव्याखाली फोटो काढून कुवेतला पाठवला. उत्तर आले, ‘दोन्ही सारखेच आहेत. निळावाला कर.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा फोटो पाठवला, तर तो म्हणाला, ‘कालचे वेगळे होते. तू शेड बदललीस का?’ तिने काहीच बदलले नव्हते. बदल मोबाइलने केला होता. कॅमेरा प्रत्येक फोटोत प्रकाशाची झाक आपल्या मनाने काढून टाकतो, म्हणजे पांढरे पांढरे दिसावे. फोटोभर नुसती भिंतच असेल तर पांढरे काय आणि निळसर काय, हे ठरवायला त्याच्याकडे काही नसते. तो निळेपणालाच प्रकाशाची चूक समजून पुसतो. उजेडाचेही तसेच. फिकी भिंत असो की गडद, कॅमेरा दोघींना मध्यम उजळ करून ठेवतो. शिवाय पलीकडच्या फोनवर रात्रीचा पिवळा पडदा चालू असेल तर संपलेच. परदेशी असलेल्या माणसाला रंग दाखवायचाच असेल तर दोन्ही नमुने एकाच फोटोत घ्यावेत, मध्ये कोरा पांढरा कागद चिकटवावा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढावा. तेवढ्याने दोघांतला फरक तरी पोहोचतो, खरा रंग तरीही पोहोचत नाही.

पण त्या घरात रंगापेक्षा दुसरेच दुखत होते. त्याला वाटले, घर माझ्या पैशाने उभे राहते आणि मला साधे खरे फोटोसुद्धा पाठवत नाहीत. तिला वाटले, जो दीड महिना राहतो तो बावीस महिने राहणारीला भिंत सांगतो. दोघांचेही खरे होते. अम्मींना कोणी काही विचारलेच नव्हते.

आम्ही तिथे सुट्टीत गेलो होतो तेव्हा हे कानावर आले. शाळेत चित्रकलेला वापरतात तो पूर्ण आकाराचा जाड कागद आणला, दोन तुकड्यांवर पांढरा प्रायमर, त्यावर दोन शेडचे दोन-दोन हात. नमुन्याचे लहान डबे दुकानात मिळतात. एवढ्या कामाला ते पुरतात. कागद कडेपर्यंत रंगवावा, भोवती पांढरी चौकट ठेवू नये, कारण चौकटीमुळे रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. पूर्ण वाळू द्यावा. इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर गडद होते. डिस्टेंपर आणि चुन्याचे याच्या उलट. मग कागद भिंतीवर टेकवायचा: एकदा खिडकीच्या भिंतीवर, एकदा समोरच्या, एकदा सागवानी दाराच्या चौकटीला लागून, एकदा खाली फरशीला टेकून. कागदाची हीच सोय, तो फिरतो. पट्टा फिरत नाही.

तीन दिवस ते कागद खोलीत राहिले. सकाळी पूर्वेच्या दारातून ऊन अंगणातल्या तांबड्या मातीवर पडून आत उसळे तेव्हा राखाडी कागद चक्क उबदार बदामी वाटे आणि सुरमई साधा ग्रे होई. दुपारी पोफळीच्या पानांतून येणाऱ्या उजेडाने दोघांवर किंचित हिरवी छटा येई. मगरिबच्या सुमारास, दिवा लावायच्या आधी, सुरमई एकदम गडद निळा होऊन बसे. याची दोन कारणे आहेत. सूर्य बुडाल्यावर खोलीत येतो तो फक्त आभाळाचा निळसर उजेड. आणि उजेड कमी झाला की आपला डोळाच तांबड्यापेक्षा निळ्याला जास्त जागा होतो. डोळ्याचा हा गुण पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात टिपून ठेवला आहे.

दिवा लागला की वेगळेच नाटक. त्यांच्या बैठकीत ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी होता. आपल्याकडे घरोघरी तोच असतो, खोक्यावर ‘कूल डे लाइट’ लिहिलेला. त्याखाली सुरमई थंडगार, जवळजवळ दवाखान्यासारखा. आम्ही ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब लावून पाहिला, तर तोच कागद मवाळ झाला आणि राखाडी कागद मात्र मळकट दिसू लागला. मधला ४००० चा दिवा दोघांना बरा होता. भिंतीच्या रंगाआधी दिवा ठरवावा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. बल्ब बदलणे रंग बदलण्याहून कितीतरी स्वस्त आहे. ज्या घरात बैठक मुख्यतः रात्रीच जागी असते, रमजानात तर इफ्तारपासून सेहरीपर्यंत, तिथे दिवसाच्या उजेडातली पसंती अर्ध्याच कामाची.

मग आम्ही अम्मींना विचारले. त्या म्हणाल्या, ‘कोणत्या डोळ्याने सांगू?’

आम्हांला वाटले चेष्टा करतात. पण त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, डाव्याचे बाकी होते. त्यांनी हाताने डावा डोळा झाकला आणि सुरमई कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘हा निळा.’ मग उजवा झाकला. ‘आता दोन्ही मळलेले.’ त्यांची भिंत त्यांना रोज दोन रंगांची दिसत होती आणि घरात कोणालाही ते ठाऊक नव्हते. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे-तपकिरी होत जाते आणि ते निळा प्रकाश अडवते. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की निळा पुन्हा भरभरून आत येतो. कित्येकांना तो सुरुवातीला फारच भडक वाटतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्या एका डोळ्याचे असे ऑपरेशन १९२३ साली झाले होते, आणि त्यानंतर रंग भलतेच दिसतात म्हणून तो बरेच दिवस त्रासला होता. अम्मी त्रासल्या नव्हत्या. त्यांनी एक डोळा झाकून बघायची आपली सोय करून घेतली होती.

यावरून एक गोष्ट पक्की झाली. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांना सुरमई भिंतीचा निळेपणा दिसणारच नाही, त्यांच्या वाट्याला फक्त अंधार येईल. अशा माणसाच्या खोलीत रंगाच्या नावापेक्षा दोन गोष्टी मोलाच्या. पहिली, भिंत किती उजेड परत देते. काही कंपन्या शेडच्या माहितीत ‘एलआरव्ही’ असा आकडा देतात. शून्य म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. उत्तरेच्या, झाडांनी झाकलेल्या खोलीत आम्ही ६० च्या खाली उतरत नाही. त्या दोन शेडमध्ये सुरमई बऱ्यापैकी गडद होती. दुसरी गोष्ट म्हणजे कडा. भिंत, दार, बटणांचा बोर्ड आणि फरशी सगळेच एका ग्रेचे केले, जशी आता फॅशन आहे, तर म्हाताऱ्या माणसाच्या हाताला दाराची कड सापडत नाही. उलट ग्रे भिंतीवर पांढरा बोर्ड पांढऱ्या भिंतीपेक्षा चांगला दिसतो. ग्रेची ही बाजू कोणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

आणि पाऊस. कोकणात जून ते सप्टेंबर आभाळच ग्रे असते. रंगकाम मात्र कोरड्या दिवसांत निघते, त्यातून ईदच्या आधी उरकायची घाई. चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते: २०१६ साली ईदुल फित्र जुलैत, भर पावसात होती, २०२४ साली एप्रिलमध्ये, कडक उन्हात. एप्रिलच्या उन्हात निवडलेला सुरमई डोळ्यांना गारवा देतो, तोच जुलैत चार दिवस सूर्य दिसला नाही की अंगावर येतो. म्हणून दुपारी खिडकीचा पडदा ओढून, दिवा न लावता नमुना एकदा तरी बघावा. पावसाळ्याचा अंदाज येतो. आणि ईद पावसात येणार असेल तर ओल्या भिंतीवर रंग चढवू नका, कितीही पाहुणे येणार असले तरी. ओल आत अडकते, पोपडे सुटतात, आणि ओलीचे डाग ग्रेवर पिस्त्यापेक्षा जास्त उठून दिसतात.

बैठकीला अखेर राखाडी ठरला, तोही कार्डावरच्या मूळ पसंतीपेक्षा एक पायरी फिका. सुनेने सांगितले, अम्मींनी मान हलवली. कुवेतला सांगायचे कसे, हा प्रश्न उरला. शेजारचा एक मुलगा रजा संपवून परत निघाला होता. त्याच्याबरोबर दोन्ही रंगवलेल्या कागदांचे पोस्टकार्डाएवढे तुकडे पाठवले, मागे सुनेच्या अक्षरात लिहून: हा बैठकीचा, हा तुमच्या खोलीचा. कारण मुलाची झोपायची खोली पश्चिमेची आहे. तिथे दुपारनंतर पिवळे ऊन भिंतीवर येते, ते सुरमईतले निळे थोडे मारते आणि रंग नेमका त्याला हवा होता तसा दिसतो. उत्तरेच्या बैठकीत जो अंगावर आला असता तो तिथे शोभतो. तुकडे पोहोचल्यावर त्याचा फोन आला. तिथल्या दिव्याखाली त्याला ते कसे दिसले असतील ते असो. पण हातात काहीतरी आल्यावर आवाज निवळला, असे सून म्हणाली.

तिसरा पर्याय त्याने सुचवला होता: बैठकीची एकच भिंत सुरमई करावी. वाईट नाही. पण ती खिडकीसमोरची भिंत असावी, खिडकीची नव्हे. खिडकीच्या भिंतीवर आतून उजेडच पडत नाही, तिथे कोणताही गडद रंग काळवंडतो. त्यांच्याकडे समोरच्या भिंतीत दोन दारे होती, रंगाला जागाच उरत नव्हती. तो विचार तिथेच संपला.

आता दुकानात जाल तेव्हाच्या चार गोष्टी. एकाच शेडचा कोड एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीच्या डब्यात करून घेऊ नका. दुकानात दोन्ही जुळलेले दिसतील आणि घरच्या दिव्याखाली वेगळे पडतील, कारण आतली रंगद्रव्ये वेगळी असतात. लागणारा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या आणि दोन-तीन डबे असतील तर भिंतीला लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र करायला पेंटरला सांगा. ग्रेमध्ये दोन डब्यांतला थोडासा फरकही भिंतीच्या मधोमध रेघ उमटवतो. चकचकीत घ्यायचा की मॅट, हेही नमुन्याच्या वेळीच ठरवा. चकाकी असली की खिडकीतले आभाळ भिंतीत उमटते आणि ग्रे आणखी निळा होतो; जुन्या गिलाव्याचे खाचखळगे दिसतात ते वेगळेच. आणि मशीनवर केलेला रंग दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे डबा उघडताच त्याचा एक ठिपका आपल्या कागदावर लावून वाळू द्या, मगच बाकीचे काम सुरू करू द्या. डब्यावरची कोडची चिठ्ठी काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि वाटीभर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बटणांच्या बोर्डाभोवती हाताचे डाग पडतातच, सहा महिन्यांनी तो लागेल.